पंचक्रोशी : दोन काठांमधली लांबची वाट

राजिम आणि नवापारा. महानदीच्या दोन काठांवर समोरासमोर वसलेली ही दोन गावे. पुलावरून एका गावातून दुसऱ्या गावात जाण्यास काही मिनिटे पुरतात. पण त्याच दोन गावांना जोडणारी एक जुनी वाट अशीही आहे, की ती चालण्यास पाच-सहा दिवस लागतात. छत्तीसगडच्या भातशेतीतून, तलावांच्या काठांनी आणि नदीच्या वाळूतून जाणाऱ्या या वाटेचा हा परिचय.

‘पंचक्रोशी’ हा शब्द मराठी माणसाच्या बोलण्यात सहज येतो. एखाद्या वैद्याची, कीर्तनकाराची किंवा गावच्या बाजाराची ख्याती सांगताना ‘साऱ्या पंचक्रोशीत’ असे म्हटले, की आणखी काही सांगावे लागत नाही. क्रोश म्हणजे कोस. पायी चालणाऱ्या माणसाने आपल्या परिसराला दिलेले हे माप आहे. किलोमीटरचे दगड आले, मोटारी आल्या, आणि हे माप केवळ वाक्प्रचारापुरते उरले. नागपूरच्या पूर्वेला, रायपूर शहराजवळ, मात्र हा शब्द आजही पायांखाली आहे. तेथे पंचकोशी सांगितली जात नाही, चालली जाते.

रायपूरच्या आग्नेयेस सुमारे ४५ किलोमीटरवर महानदी, पैरी आणि सोंढूर या तीन नद्यांचा संगम आहे. संगमाच्या उजव्या काठावर राजिम आणि डाव्या काठावर नवापारा. नवापारा रायपूर जिल्ह्यात येते. राजिम २०१२ साली स्थापन झालेल्या गरियाबंद जिल्ह्यात. बाजारपेठ, धानाच्या गिरण्या, शाळा, दवाखाने यांमुळे ही दोन गावे व्यवहारात एकच आहेत. सकाळ झाली, की दोन्ही गावांतील नोकरदार, विद्यार्थी आणि छोटे व्यापारी रायपूरची वाट धरतात आणि दिवेलागणीला परततात. राजधानीच्या ओढीने ही दोन्ही गावे हळूहळू तिची उपनगरे होऊ लागली आहेत.

या धावपळीच्या रस्त्याला पाठ करून एक वाट निघते. राजिमच्या संगमावरील कुलेश्वर महादेवाचे दर्शन घेऊन ती नवापाऱ्याच्या बाजूला उतरते. पटेवा, चंपारण करीत डाव्या काठाने उत्तरेकडे जाते. महानदी ओलांडून बम्हनीला पोहोचते. तेथून दक्षिणेकडे वळून फिंगेश्वर आणि कोपरा ही गावे घेते आणि अखेर राजिमला येऊन मिळते. समोरच्या काठावरील गावातून निघून आपल्या काठावरील गावात परतण्याचा हा लांबचा मार्ग म्हणजेच राजिमची पंचकोशी यात्रा.

कमळाच्या पाच पाकळ्या

या परिसराला कमलक्षेत्र किंवा पद्मक्षेत्र म्हणतात. विष्णूच्या हातचे कमळ पृथ्वीवर पडले, त्याच्या मध्यभागी राजिम आणि पाच पाकळ्यांच्या जागी पाच शिवस्थाने झाली, अशी कथा आहे. पटेश्वर, चंपेश्वर, ब्रह्मनेश्वर, फणिकेश्वर आणि कर्पूरेश्वर ही ती पाच स्थाने, मध्यभागी कुलेश्वर. नकाशावर या गावांना रेघांनी जोडून पाहिले, तर आकृती कमळासारखी नेमकी दिसतेच असे नाही. परंतु जी माणसे ती पायांनी जोडतात, त्यांना नकाशाची गरज पडत नाही.

कुलेश्वराचे मंदिर नदीच्या पात्रातच, उंच दगडी जोत्यावर उभे आहे. वनवासात सीतेने येथे वाळूचे शिवलिंग करून पूजिले, अशी श्रद्धा आहे. पावसाळ्यात तीन नद्यांचे पाणी जोत्याला भिडते. नवापाऱ्याच्या काठावरील शिवमंदिराला लोक ‘मामा’चे मंदिर म्हणतात आणि कुलेश्वराला ‘भाचा’. पूर चढू लागला, की भाचा मामाला हाक मारतो आणि मामाच्या पायांना स्पर्श होताच पाणी ओसरू लागते, असे सांगतात. म्हणूनच येथे मामा आणि भाचा एका नावेत बसत नाहीत. दोन काठांवरील दोन गावांचे नाते एवढ्या थोड्या शब्दांत सांगणारी दुसरी कथा शोधून सापडणार नाही.

राजिममधील राजीवलोचन मंदिर हे विष्णूचे. बारा स्तंभांचा मंडप, द्वारशाखांवरील वेलबुट्टी आणि स्तंभांवरील देवतामूर्ती यांसाठी ते अभ्यासकांना परिचित आहे. मंदिराच्या भिंतीवर कलचुरी राजा दुसरा पृथ्वीदेव याचा सामंत जगपाल याचा इ. स. ११४५चा शिलालेख आहे. राजिम हे नाव मात्र कोणा राजाचे नव्हे. तेल विकणाऱ्या राजिम नावाच्या भक्त स्त्रीवरून गावाला हे नाव मिळाले, असे लोकपरंपरा मानते, आणि तिचे स्थानही मंदिराच्या आवारात आहे.

या मंदिराच्या दारापाशी आधुनिक इतिहासातीलही एक पान उलगडते. राजिमजवळील चमसूर गावी १८८१ साली जन्मलेले पंडित सुंदरलाल शर्मा हे छत्तीसगडी भाषेतील आरंभीचे कवी आणि समाजसुधारक. अस्पृश्य मानल्या गेलेल्या बांधवांना घेऊन १९२५ साली ते राजिमच्या मंदिरात प्रवेशासाठी गेले. साने गुरुजींचे पंढरपूरचे उपोषण १९४७चे. वाट सर्वांची असेल, तर वाटेच्या टोकाचे दारही सर्वांचे असले पाहिजे, हा विचार राजिमच्या संगमावर बराच आधी उमटला होता.

डावा काठ

यात्रेचा काळ पौष-माघाचा. खरीप धान कापून खळ्यावर आलेले असते. पौष पौर्णिमेला या मुलखात ‘छेरछेरा’ नावाचा सण होतो. मुले टोपल्या घेऊन दारोदार धान मागतात आणि त्या दिवशी कोणीही कोणाला रिकाम्या हाती पाठवीत नाही. ज्या प्रदेशात दान मागणे आणि दान देणे हा मुलांचा खेळ आहे, तेथे वाटसरूला रात्रीचा आसरा मिळणे अवघड नसते.

नवापारा सोडल्यावर पहिला टप्पा पटेव्याचा. अंतर जेमतेम पाच-सहा किलोमीटर. पहिल्या दिवशी पाय मोकळे होण्याइतकेच चालणे व्हावे, अशी जुन्या माणसांनी जणू योजनाच केली असावी. यात्रेकरू शिधा डोक्यावरील गाठोड्यात घेऊन निघतात. मुक्कामाला तीन दगडांची चूल मांडायची, तांदूळ शिजवायचा किंवा तांदळाच्या पिठाची जाड ‘अंगाकर’ भाकरी निखाऱ्यावर भाजायची, आणि देवळाच्या मंडपात, शाळेच्या ओसरीवर किंवा झाडाखाली पेंढा पसरून रात्र काढायची, अशी रीत आहे.

पटेव्याहून चंपारणकडे जाताना प्रदेशाचे खरे रूप दिसू लागते. लहान लहान बांधांनी विभागलेली सपाट शेते, बांधांवर बाभळी, मधूनच एखादा मोहाचा विस्तार. धान कापून झाले तरी शेते ओसाड नसतात. धान उभे असतानाच त्याच्या ओलीत लाखोळी विखरून टाकण्याची पद्धत येथे आहे. तिला ‘उतेरा’ म्हणतात. कापणीनंतर त्याच ओलाव्यावर लाखोळी वाढते आणि जानेवारीत तिच्या निळसर फुलांनी शेते भरून जातात. पूर्व विदर्भातील वाचकांना हे दृश्य परके वाटणार नाही. भंडारा-गोंदियाच्या शिवारातून चालताना डोळ्यांना जे दिसते, त्याचाच हा पुढचा विस्तार होय.

गाव आले, की प्रथम तलाव दिसतो. छत्तीसगडीत त्याला ‘तरिया’ म्हणतात. काठाला दगडी पायऱ्या, पायऱ्यांशी पिंपळ आणि पिंपळाखाली देवस्थान. वाटसरूला स्नान, पाणी आणि सावली या तिन्ही गोष्टी एकाच जागी मिळतात. रस्ते आखणाऱ्याने हॉटेले पाहून मार्ग ठरवावा. ही वाट तलाव पाहून ठरलेली आहे.

चंपारण हे पुष्टिमार्गाचे प्रवर्तक वल्लभाचार्य यांचे जन्मस्थान. काशीहून दक्षिणेकडे निघालेल्या त्यांच्या आई-वडिलांना, इल्लम्मा आणि लक्ष्मणभट्ट यांना, १४७९ साली येथील अरण्यात पुत्रप्राप्ती झाली, असे संप्रदाय मानतो. गुजरात, राजस्थान आणि मुंबईहून वैष्णव भाविक येथे मोठ्या संख्येने येतात. मंदिरालगतच्या वनातील झाडे तोडू नयेत, हा दंडक पाळला जात असल्याने सभोवतालच्या उघड्या शेतीत हा वृक्षसमूह दुरूनही ओळखू येतो. वल्लभाचार्यांनी भारताची तीन वेळा पायी परिक्रमा केली, असे परंपरा सांगते. जेथे जेथे त्यांनी प्रवचन केले, त्या ‘बैठकां’पैकी एक पंढरपुरातही आहे. आयुष्यभर चाललेल्या पुरुषाचे जन्मस्थान पायवाटेवरच असावे, हा योगायोग वाटसरूला सुखावणारा आहे.

पात्र ओलांडताना

चंपारण आणि बम्हनी यांच्यामध्ये महानदी आहे. सिहावाच्या डोंगरांत उगम पावलेली ही नदी येथवर उत्तरेकडे वाहत येते आणि पुढे ओडिशाकडे वळते. पावसाळ्यात तिचे पात्र पाहिले, तर नावाची सार्थता पटते. हिवाळ्यात मात्र वाळूच जास्त आणि पाणी थोडे. वर धमतरीजवळ गंगरेलचे मोठे धरण आहे; त्याचे पाणी कालव्यांनी शेतांना आणि नळांनी शहरांना जाते. वाळूच्या पट्ट्यांतून, जेथे पाणी उथळ असेल तेथून, नदी पार करण्याची जुनी पद्धत. या नदीवर ठिकठिकाणी बंधारे झाल्यापासून पाण्याची पातळी आणि उताराची जागा वर्षागणिक बदलू शकते. कोठून उतरावे, हे कोणत्याही फलकावर लिहिलेले नसते. काठावरच्या गावातील माणूस सांगेल, तोच मार्ग.

पंचकोशीच्या साऱ्या वाटेबद्दलही हेच म्हणता येईल. ती कागदापेक्षा माणसांच्या स्मरणात अधिक आहे. दरवर्षी चालणारी माणसे नव्याने आलेल्यांना घेऊन जातात. त्यांतील काही पुढच्या वर्षी इतरांना घेऊन येतात. एखादी पिढी घरी बसली, तर वाटेचे काय होईल, हा प्रश्न म्हणूनच भावुकतेचा नाही. तो साध्या हिशेबाचा आहे.

उजवा काठ

बम्हनी महासमुंद जिल्ह्यात आहे. येथे ब्रह्मनेश्वर महादेवाचे स्थान आणि ‘श्वेतगंगा’ नावाचे कुंड आहे. थंडीच्या पहाटे या कुंडात स्नान करून यात्रेकरू दक्षिणेची वाट धरतात. पुढचा टप्पा मोठा आहे. फिंगेश्वर हे जुन्या जमीनदारीचे गाव. तेथील फणिकेश्वर मंदिर दगडी असून त्यावरील शिल्पकाम पाहण्यास अर्धा दिवस सहज जावा. फिंगेश्वरहून राजिम थेट रस्त्याने सोळा-सतरा किलोमीटरच राहते. थकलेल्या पायांना तो रस्ता खुणावतो. पण पंचकोशी पुरी करायची, तर आधी कोपरा गाठावे लागते. कर्पूरेश्वराचे हे स्थान तलावाकाठी आहे. तेथून राजिम पुन्हा सुमारे सोळा किलोमीटर.

या टप्प्यांत वाट अनेकदा डांबरी रस्त्याला येऊन मिळते. हिवाळ्यात गावोगावच्या सहकारी समित्यांच्या खरेदी केंद्रांवर धानाच्या पोत्यांच्या थप्प्या लागलेल्या असतात आणि ट्रॅक्टरांची रांग रस्त्यापर्यंत आलेली असते. डोक्यावर गाठोडे घेतलेला यात्रेकरू आणि ट्रॉलीवर बसलेला शेतकरी येथे एकमेकांना ‘राम राम’ म्हणतात.

बँकेच्या ग्राहकांना या दृश्यामागील एक मराठी नाव माहीत असावे. रायपूरचे वामन बळीराम लाखे यांनी १९१३ साली तेथे सहकारी बँकेचा पाया घातला आणि शेतकऱ्याला सावकाराखेरीज दुसरे दार उघडून दिले. हेच लाखे १९०० साली पेंड्रा येथून निघालेल्या ‘छत्तीसगढ मित्र’ या मासिकाचे पाठीराखे होते. त्याचे संपादक माधवराव सप्रे हेही मराठी घरातलेच. लोकमान्यांचे ‘गीतारहस्य’ आणि समर्थांचा ‘दासबोध’ त्यांनी हिंदीत नेला. नागपूरकर भोसल्यांच्या काळापासून, विशेषतः १७५८ ते १७८७ या काळात रतनपूर येथे राहून कारभार पाहणाऱ्या बिंबाजी भोसल्यांपासून, जी मराठी कुटुंबे या भागात स्थिरावली, त्यांच्या परंपरेचे हे उत्तम फळ मानावे लागेल.

रूळ आले, गेले, पुन्हा आले

या मुलखात आगगाडी आली ती विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर. बंगाल-नागपूर रेल्वेने १९०० साली रायपूर ते धमतरी आणि अभनपूरहून राजिम असे अडीच फूट रुंदीचे रूळ टाकले. लोक तिला ‘छोटी लाइन’ म्हणत. जंगलातील लाकूड आणि शेतातील धान घेऊन जाणारी, यात्रेच्या दिवसांत माणसांनी ओसंडणारी ही संथ गाडी शंभर वर्षांहून अधिक काळ चालली. पुढे रायपूर शहरातील तिचे रूळ उखडले गेले आणि त्या पट्ट्यावर द्रुतगती रस्ता झाला. राजिमचा अरुंद मार्गही बंद झाला.

त्यानंतर रुंद मार्ग आला. ३० मार्च २०२५ रोजी मंदिर हसौद आणि नवा रायपूरमार्गे अभनपूरपर्यंत मेमू गाडी सुरू झाली आणि त्याच वर्षी सप्टेंबरात ती राजिमपर्यंत वाढली. रोज ये-जा करणाऱ्यांची मोठी सोय झाली. शिक्षण, उपचार, रोजगार यांसाठी राजधानी जवळ आली. या सोयीबद्दल तक्रार करण्याचे कारण कोणालाही नाही.

तथापि, रुळांची ही कहाणी पायवाटेबद्दल काही सांगून जाते. जे रूळ लोखंडाचे होते, जमिनीत ठोकलेले होते आणि सरकारी नकाशात नोंदलेले होते, ते एका शतकात आले, गेले आणि नव्या रूपात परत आले. जिला ना लोखंड ना फलक, ती वाट मात्र त्या साऱ्या काळात चालूच राहिली. तिला टिकवणारी गोष्ट एकच : तिच्यावरून माणसे चालत होती.

वाट कोणाची?

मराठी खेड्यांत ‘वहिवाट’ हा शब्द कायद्याइतकाच जुना आहे. पश्चिम महाराष्ट्रातील पाणंद आणि विदर्भातील पांधण या वहिवाटीवरच उभ्या आहेत. छत्तीसगडमध्ये लागू असलेल्या १९५९च्या भू-राजस्व संहितेत ‘वाजिब-उल-अर्ज’ नावाच्या नोंदीची तरतूद आहे. गावातील पाण्याचे, मासेमारीचे आणि जाण्या-येण्याच्या वाटेचे रूढ हक्क त्या नोंदीत लिहिले जातात. महाराष्ट्राच्या १९६६च्या महसूल संहितेतही हीच संज्ञा आढळते. इंग्लंडमध्ये १९४९ साली कायदा करून गावोगावच्या पायवाटांचे नकाशे तयार करण्याची जबाबदारी स्थानिक संस्थांवर टाकली गेली. त्यामुळे शेताच्या मधून जाणारी वाटही तेथे सार्वजनिक रस्त्याच्या तोलाची ठरली. देश वेगळे, पण मूळ तत्त्व एक. लोक चालत आले म्हणून ती वाट आहे.

याचा व्यत्यासही तितकाच खरा आहे. जेथे चालणे थांबते, तेथे पहिल्या वर्षी गवत उगवते, दुसऱ्या वर्षी बांध सरकतो आणि काही वर्षांत तेथे वाट होती, हे सांगणारा माणूसही उरत नाही. शहर जवळ येऊ लागले, की शेताचे भूखंड होतात आणि भूखंडाला कुंपण येते. राजिम आणि नवापारा यांच्या भोवतीची जमीन आज या टप्प्याच्या जवळ येऊन ठेपली आहे. मंदिरे सुरक्षित आहेत, उत्सव मोठे होत आहेत, माघ पौर्णिमेपासून महाशिवरात्रीपर्यंत भरणाऱ्या मेळ्याला मोठी गर्दी लोटते. जपायचे आहे ते या स्थानांच्या मधले अंतर. ते गाडीने कापता येते, पण राखता येते ते केवळ पायांनी.

कोपऱ्याहून निघालेला यात्रेकरू अखेरच्या दिवशी राजिमच्या घाटावर येतो. समोर पात्रात कुलेश्वर, पलीकडे नवापारा. जेथून तो निघाला, ते गाव हाकेच्या अंतरावर दिसत असते आणि पुलावरून रायपूरची बस तिकडे जात असते. दोन काठांमधले अंतर किती, असे त्याला कोणी विचारले, तर त्याच्याजवळ आता दोन उत्तरे असतात.

प्रवाशांसाठी

• रायपूर हे मुंबई-हावडा लोहमार्गावरील मोठे स्थानक असून नागपूरहून गाड्यांची चांगली सोय आहे. रायपूरचा स्वामी विवेकानंद विमानतळ शहराच्या नवा रायपूरकडील बाजूस आहे. रायपूरहून राजिमला बस आणि मेमू गाडी, दोन्हींनी जाता येते.

• नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ चालण्यास उत्तम. पारंपरिक यात्रेत सहभागी व्हायचे असल्यास पौष-माघातील तिथी राजिममध्ये आधी विचारून घ्यावी.

• संपूर्ण परिक्रमा शक्य नसल्यास नवापारा-पटेवा-चंपारण हा डाव्या काठाचा भाग दोन दिवसांत सावकाश होतो. चंपारणला धर्मशाळांची सोय आहे.

• नदी केवळ स्थानिकांच्या सल्ल्यानेच ओलांडावी. वरच्या धरणातून पाणी सोडल्यास पातळी अचानक वाढू शकते. शंका असल्यास पुलाचा रस्ता धरावा.

• बांधावरून एका रांगेत चालावे. लाखोळीचे शेत तुडवू नये. पाण्याची बाटली, टोपी आणि थंडीसाठी शाल जवळ ठेवावी. सामान जितके कमी तितके चांगले. गाठोडे डोक्यावर घेऊन चालणाऱ्या मावशी याबाबतीत कोणत्याही पुस्तकापेक्षा अधिक जाणतात.